ओळखा पाहू हे कोण? : स्पाय, रणजी आणि ठणठणपाळ

मंडळी, आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाआधी जी प्रश्नमंजुषा होते, तिच्यात दोन फेऱ्या हटकून ठेवाव्या लागतात. पहिली ‘समान धागा’. तीनचार नावे द्यायची आणि त्यांना जोडणारी गोष्ट विचारायची. दुसरी ‘ओळखा पाहू हे कोण?’ पडद्यावर एखाद्या नामवंताचे अर्कचित्र दाखवायचे आणि नाव विचारायचे. ही मंजुषा तयार करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. (आयटीतल्या माणसाला प्रोजेक्टर लावता येतो, म्हणजे त्याला प्रश्नही काढता येत असणार, असा एक समज आहे!) प्रश्नांसाठी जुनी पुस्तके, जुनी चित्रे चाळता चाळता एक गंमत हाती लागली. अर्कचित्रांच्या इतिहासातला एक चांगला लांब धागा चक्क आपल्या साउथहॅम्प्टनमधून जातो आणि दादरला पोचतो. तोच या लेखात उलगडून दाखवतो.

सुरुवात एका प्रश्नाने करू. चित्रकार जॉन एव्हरेट मिले, खेळाडू सी. बी. फ्राय, संपादक डब्ल्यू. टी. स्टेड आणि क्रिकेटवीर रणजितसिंह. या चौघांतला समान धागा कोणता? उत्तर लगेच देत नाही. थोडा विचार करा, तोवर आपण शब्दाकडे वळू.

इंग्रजीतला ‘कॅरिकेचर’ हा शब्द मूळचा इटालियन. ‘कारिकारे’ म्हणजे ओझे लादणे, भरणे. नाक मोठे असेल तर ते आणखी मोठे करायचे, पोट सुटलेले असेल तर ते चौकटीबाहेर काढायचे, म्हणजे माणसावर त्याच्याच वैशिष्ट्यांचे ओझे घालायचे. मराठीने मात्र बरोबर उलटी कल्पना उचलली. आपण म्हणतो ‘अर्कचित्र’. घालायचे काही नाही, काढायचे आहे. माणूस भट्टीवर चढवून त्याचे पाणी उडवायचे आणि उरेल तो अर्क कागदावर उतरवायचा. शिवाय मराठीत ‘अर्क आहे नुसता!’ असे आपण कोणाबद्दल म्हणतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या मते हा मराठी शब्द इटालियन शब्दापेक्षा कितीतरी सरस आहे, कारण चांगल्या अर्कचित्रकाराचे कसब वाढवण्यात नसून गाळण्यात असते.

आता प्रश्नातल्या पहिल्या नावाकडे. मिलेचा जन्म ८ जून १८२९ रोजी साउथहॅम्प्टनमध्ये झाला. पुढे तो प्री-रॅफेलाइट चित्रकारांतला एक प्रमुख ठरला. त्याचे पाण्यावर तरंगणाऱ्या ओफेलियाचे चित्र लंडनच्या टेट गॅलरीत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. पण त्याने अर्कचित्रांच्या जगाला केलेली मदत फारशी कोणी सांगत नाही. लंडनमध्ये टॉमस गिब्सन बोल्स नावाच्या गृहस्थाने १८६८ साली ‘व्हॅनिटी फेअर’ हे साप्ताहिक सुरू केले. १८६९ च्या जानेवारीत त्यात पंतप्रधानपद नुकतेच गमावलेल्या डिझरायलीचे रंगीत अर्कचित्र छापून आले आणि साप्ताहिकाचे नशीबच पालटले. ते चित्र कार्लो पेलेग्रिनी या इटालियन चित्रकाराचे. तो पुढे ‘एप’ म्हणजे ‘वानर’ या नावाने सही करीत असे. १८७३ साली पेलेग्रिनीचे आणि बोल्सचे बिनसले आणि नवा हात हवा झाला. लेस्ली वॉर्ड या एकवीस वर्षांच्या तरुणाने रिचर्ड ओवेन या वयोवृद्ध प्राणिशास्त्रज्ञाचे एक अर्कचित्र काढले होते. ते मिलेच्या पाहण्यात आले आणि ते ‘व्हॅनिटी फेअर’कडे पाठव, असे त्याने वॉर्डला सुचवले. चित्र छापून आले. आता सहीसाठी टोपणनाव हवे. वॉर्डने स्वतः सांगितलेली हकिगत अशी की बोल्सने त्याच्या हातात शब्दकोश दिला, त्याने तो कुठेतरी उघडला, आणि नजर पडली ती ‘स्पाय’ या शब्दावर. गुप्तहेर! नाव चपखल बसले, कारण वॉर्ड माणसाला समोर बसवण्यापेक्षा कोर्टात, पार्लमेंटात, मैदानात लांबून न्याहाळून चित्र काढण्यात पटाईत होता. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे ‘स्पाय’ने न्यायाधीश, सरदार, खेळाडू, प्राध्यापक यांची शेकडो चित्रे काढली. आजही इंग्लंडमधल्या जुन्या पबच्या किंवा वकिलांच्या ऑफिसच्या भिंतीवर ती चौकटीत लावलेली दिसतात. पुढच्या वेळी दिसली तर खालची सही जरूर बघा.

‘स्पाय’च्या या गिऱ्हाइकांत १८९४ साली एक ऑक्सफर्डचा विद्यार्थी होता. चार्ल्स बर्जेस फ्राय. हा माणूस म्हणजे प्रश्नमंजुषा काढणाऱ्याला देवाने दिलेले वरदानच. १८९३ मध्ये त्याने लांब उडीच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. इंग्लंडकडून क्रिकेट खेळला, कप्तानही झाला. आणि फुटबॉल? ते आपल्या साउथहॅम्प्टनकडून! १९०१ साली इंग्लंडचा आयर्लंडविरुद्धचा सामना इथल्याच डेल मैदानावर झाला आणि त्यात फ्राय इंग्लंडकडून खेळला. १९०२ साली साउथहॅम्प्टनचा संघ एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचला, बरोबरी झाली, पुन्हा खेळवलेल्या सामन्यात शेफील्ड युनायटेडकडून २-१ असा हरला. त्या संघातही फ्राय होता. डेल मैदान २००१ साली बंद झाले आणि तिथे आता सदनिका आहेत. पुढे १९०८ पासून १९५० पर्यंत फ्रायने आपल्या शेजारच्या हॅम्बल नदीवर ‘मर्क्युरी’ ही नाविक प्रशिक्षण शाळा चालवली. अल्बानिया देशाचे राजेपद आपल्याला देऊ केले होते, असेही तो सांगत असे. असो.

हा फ्राय ससेक्स कौंटीकडून क्रिकेट खेळत असताना दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा जो फलंदाज असे, तो म्हणजे कुमार रणजितसिंह, आपला ‘रणजी’. दोघांची दोस्ती जन्मभर टिकली. १९२० च्या दशकात रणजी जामनगरचे जामसाहेब म्हणून जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या बैठकीला गेले, तेव्हा फ्राय त्यांचा मदतनीस म्हणून सोबत होता. रणजींचे चित्र ‘स्पाय’ने काढले ते १८९७ च्या ऑगस्टमध्ये, आणि खाली शीर्षक एकच शब्दाचे होते, ‘रणजी’. बाकी काही सांगायची गरजच उरली नव्हती. त्याच वर्षी ‘व्हॅनिटी फेअर’ने मुंबईत जन्मलेले मंचरजी भावनगरी यांनाही स्थान दिले. हे पारशी गृहस्थ बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आलेले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी एकाच वर्षात दोन हिंदी चेहरे इंग्रज वाचकांच्या परिचयाचे झाले होते. अर्कचित्र काढले जाणे म्हणजे टिंगल होणे असे आपण समजतो, पण त्या काळी या साप्ताहिकात येणे हा मान समजला जाई. ज्याला लोक ओळखत नाहीत त्याचे अर्कचित्र काढून उपयोग काय? फोटो ओळख करून देतो, अर्कचित्र ओळख असल्याची खूण पटवते.

चौथे नाव राहिले, स्टेड. त्यासाठी मुंबईला जावे लागेल. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ निघाला. व्यंगचित्राला ‘कार्टून’ हा शब्द चिकटला तोही याच ‘पंच’मुळे, १८४३ साली. ‘पंच’च्या जन्मानंतर अवघ्या तेरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत ‘पारसी पंच’ निघाला. पुढे बरजोरजी नवरोजी यांच्या हाती तो आला आणि त्याचे नाव ‘हिंदी पंच’ झाले. मजकूर इंग्रजी आणि गुजराती. (ठाण्याचा ‘हिंदु पंच’ हे निराळे मराठी साप्ताहिक. प्रश्नमंजुषेत फसवायला उत्तम!) ‘हिंदी पंच’चा स्वतःचा एक सूत्रधार होता, ‘पंचोबा’. इंग्रजी मिस्टर पंचला मराठी-गुजराती वळणाचा ‘बा’ लावून त्याला आपल्यातला करून टाकले होते. टिळक, गोखले, फिरोजशहा मेहता, लॉर्ड कर्झन, सगळे त्याच्या पानांवर वावरत. काँग्रेसच्या अधिवेशनांवरच्या चित्रांचा तर ‘हिंदी पंच’ म्हणजे खजिनाच आहे. टिळकांची पगडी, मेहतांचे कल्ले आणि दिमाख, गोखल्यांचा चष्मा! वाचकाला वाचता येत असो वा नसो, पगडी दिसली की माणूस कळत असे.

ही चित्रे लंडनला पोचली ती स्टेडमुळे. विल्यम टॉमस स्टेड हा ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’ या १८९० साली निघालेल्या मासिकाचा संपादक. जगभरच्या नियतकालिकांतली निवडक व्यंगचित्रे तो आपल्या मासिकात छापत असे आणि त्यात मुंबईच्या ‘हिंदी पंच’ची चित्रेही असत. म्हणजे आपल्या पुढाऱ्यांची चित्रे, आपल्या माणसांनी काढलेली, इंग्लंडमधल्या घराघरांत दिसत होती. १० एप्रिल १९१२ रोजी हा स्टेड न्यूयॉर्कच्या एका शांतता परिषदेसाठी साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावरून बोटीत चढला. बोट कोणती हे आपल्या मुलांना विचारा. सीसिटी म्युझियमची शाळेची सहल झालेली असल्यामुळे ती पटकन सांगतील. टायटॅनिक. स्टेड परत आला नाही.

तर उत्तर हे असे. मिले इथे जन्मला आणि त्याने ‘स्पाय’ला वाट दाखवली, ‘स्पाय’ने फ्राय आणि रणजी यांना रेखाटले, फ्राय इथे खेळला, आणि मुंबईची अर्कचित्रे लंडनला दाखवणारा स्टेड इथून निघाला. धागा दुहेरी आहे, अर्कचित्र आणि साउथहॅम्प्टन. रणजींना तेवढे फ्रायच्या वशिल्याने आत घेतले आहे, एवढी सूट द्या.

हे सगळे वाचत असताना आपल्या हॉलमध्ये दर वर्षी घडणारी एक गोष्ट मला अधिक खुपू लागली. अर्कचित्रांची फेरी आली की हॉल मधोमध दुभंगतो. पडद्यावर आचार्य अत्रे आले की मागच्या रांगांतून आजी-आजोबांचा एकच गलका, ‘अहो, अत्रे!’ पुढे सतरंजीवर बसलेली पोरे एकमेकांकडे बघतात. नंतर मार्गारेट थॅचर आली की पोरे ओरडतात आणि मागे शांतता. एकदा एका आठनऊ वर्षांच्या मुलीने आजीला विचारलेले मी ऐकले, “आजी, तुला कसं कळलं ते कोण आहेत? नाव तर लिहिलंच नाहीये.” आजी म्हणाल्या, “अगं, नाव कशाला हवं? ते तसेच दिसायचे.” पण ते तसे दिसायचे हे त्या मुलीला कसे ठाऊक असणार? तिने ना त्यांचे भाषण ऐकले, ना तिच्या घरी ‘मराठा’ येत होता. काही पालकांनी सुचवले की ही फेरी बंद करा, मुलांना कंटाळा येतो. दुसऱ्या बाजूने असेही सुचवण्यात आले की इंग्रजी चेहरे काढून टाका, मराठी मंडळ आहे आपले. दोन्ही सूचना प्रेमापोटीच आलेल्या. पण मला त्या पटत नाहीत, आणि त्याचे कारण पुढच्या पिढीतल्या दोन व्यंगचित्रकारांच्या बालपणात आहे.

डेव्हिड लो हा मूळचा न्यूझीलंडचा. १९१९ साली लंडनला आला आणि १९२७ पासून ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चित्रे काढू लागला. गलमिशीवाला ‘कर्नल ब्लिम्प’ ही १९३४ ची त्याचीच निर्मिती. त्याने हिटलर आणि मुसोलिनी यांना इतके झोडपले की १९३७ साली जर्मनीला भेट देऊन आलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्सने, जरा सबुरीने घ्यावे, असा निरोप त्याच्यापर्यंत पोचवला. लो सबुरीने वागला, पण आपल्या पद्धतीने! त्याने दोघांचे चेहरे एकत्र करून ‘मझलर’ नावाचा एकच हुकूमशहा तयार केला. अर्कचित्र आणि समान धागा एकाच चौकटीत बसवणारा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. पुढे त्याने सबुरीही सोडली. पोलंडच्या प्रेतावर हिटलर आणि स्टालिन एकमेकांना लवून नमस्कार करताहेत, हे त्याचे २० सप्टेंबर १९३९ चे चित्र आजही इंग्लंडमधल्या शाळांच्या इतिहासाच्या पुस्तकांत असते. तुमच्या मुलांनी ते पाहिले असेल.

लोची चित्रे ‘हिंदू’ या वृत्तपत्रात पुन्हा छापून येत. म्हैसूरमध्ये एक शाळकरी पोरगा ती तासन् तास बघत बसे. सहीतली अक्षरे अशी वळणदार की बरेच दिवस त्याने ती ‘काऊ’ अशी वाचली, म्हणजे गाय! हा मुलगा आर. के. लक्ष्मण. मुंबईत दादरला वाढलेल्या बाळ ठाकरे यांचाही आदर्श लोच. या दोघांनी हिटलर, चर्चिल, मुसोलिनी यांचे चेहरे कुठे पाहिले असणार? आधी अर्कचित्र, मग माहिती. चेहऱ्याची गंमत वाटली म्हणून नाव विचारले, नाव कळले म्हणून बातमी वाचली. मी वर लिहिले की अर्कचित्र ओळख असल्याची खूण पटवते. ते प्रौढांच्या बाबतीत खरे. मुलांच्या बाबतीत ते उलट्या दिशेनेही चालते. आपल्या हॉलमधल्या सतरंजीवरच्या पोरांनी पगडीवाला, मिशीवाला, टोपीवाला चेहरा आधी पाहावा आणि मग ‘कोण हे?’ म्हणून विचारावे, यात बिघडले काय?

लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे त्याच संस्थेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्ष्मण आणि ठाकरे काही काळ मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये सहकारी होते. मग लक्ष्मण ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि १९५१ पासून त्यांचा चौकड्यांच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ रोज सकाळी भेटू लागला. ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी भाऊ श्रीकांत यांच्या साथीने ‘मार्मिक’ हे मराठीतले व्यंगचित्र साप्ताहिक काढले. नाव सुचवले वडील प्रबोधनकारांनी, प्रकाशन केले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. त्यातून पुढे १९६६ मध्ये काय निघाले हे सर्वांना माहीत आहे, आणि त्याबद्दल आपल्या मंडळात इतकी मते आहेत की मी रेषेवरच थांबतो. ती रेषा मात्र विलक्षण होती. ब्रशचे जाड-बारीक फटकारे आणि दोन रेषांत पकडलेला माणूस. लोचे बोट धरून शिकलेला हात दादरला येऊन मराठी झाला होता.

राजकारणी सोडून साहित्यिकांना अर्कचित्रात आणले ते वसंत सरवटे यांनी, आणि माझा खरा जीव तिथे आहे. कोल्हापूरचे सरवटे (१९२७ ते २०१६) व्यवसायाने स्थापत्य अभियंते, नोकरी एसीसी कंपनीत. दिवसा सिमेंट, रात्री शाई. (नोकरी सांभाळून छंद जमत नाही म्हणणाऱ्या आपणा सर्वांसाठी हे लिहून ठेवतो.) पु. लं.च्या पुस्तकांतली चित्रे आठवा. १९६४ च्या जानेवारीत केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक सुरू केले आणि त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर येऊ लागले. मोठमोठ्या लेखकांच्या डोक्यात हा ठणठणपाळ हातोडा घालायचा. लेखक कोण? साऱ्या महाराष्ट्रात ही एक प्रश्नमंजुषाच झाली. उत्तर होते जयवंत दळवी. पण वाचकांनी नाव कळण्याआधीच चेहरा पाहिला होता, कारण सरवट्यांनी ठणठणपाळाला हातोड्यासकट रूप दिले होते. जो माणूस अस्तित्वातच नाही त्याचे अर्कचित्र! ‘ललित’च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर सरवटे मराठी साहित्यिकांची जत्राच भरवीत, आणि फराळाच्या ताटाशी बसून ‘हा कोण, तो कोण’ करत चेहरे लावणे हा कितीतरी घरांतला दिवाळीचा खेळ होता. आपण इथे प्रोजेक्टर लावून जे करतो ते त्यांनी छापील कागदावर केले होते. तुमच्यापैकी कोणाच्या भारतातल्या घरी माळ्यावर असे जुने अंक असतील तर पुढच्या खेपेस सामानात आणा. वीस किलोत चकलीच्या पीठाबरोबर दोन अंक सहज बसतात.

आणि शेवटी भोजचे शि. द. फडणीस. भोज म्हणजे बेळगाव जिल्ह्यातले, सीमाभागातले गाव. जन्म २९ जुलै १९२५. २०२५ साली त्यांची शंभरी झाली. अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’च्या १९५२ च्या दिवाळी अंकाचे त्यांचे मुखपृष्ठ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एका तरुणीच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदरांची. बस्स. खाली एक शब्द नाही. पुढे फडणीसांनी शब्द जवळजवळ सोडूनच दिले आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या गणिताच्या पुस्तकांतही आपल्या चित्रांनी हशा आणला. त्यांच्या चित्रात बहुतेक वेळा नामवंत कोणी नसतो, पगडी नसते, कल्ले नसतात. ते चित्र मागच्या दिवाळीत मी नमुन्यादाखल पडद्यावर टाकले, तेव्हा मागच्या रांगा आणि सतरंजी एकाच वेळी हसली. आता या वर्षीच्या फेरीत ते घालायचे नक्की आहे. फक्त त्यावर प्रश्न काय विचारायचा, हे अजून ठरत नाही.